महापालिका, शासन की केंद्र? सांगलीत तक्रार नेमकी कुणाकडे करायची

प्रश्न थोडक्यात असा: "दोन वर्षांपूर्वी पुण्याहून सांगलीत राहायला आलो. विश्रामबागच्या पुढे फ्लॅट घेतला. समोरचा रस्ता, उन्हाळ्यातलं पाणी आणि पावसात तुंबणारा नाला या तीन गोष्टींसाठी फिरतोय. नगरसेवक म्हणतात निधी नाही. महापालिकेत सांगतात प्रस्ताव शासनाकडे आहे. बोर्ड मात्र आमदार-खासदारांचे लागतात. मग शहर चालवतं कोण, आणि मी भांडायचं कुणाशी?"

मी आधी नगरपालिकांत आणि नंतर महापालिकेत अभियंता म्हणून नोकरी केली, सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत. रस्ते आणि पाणीपुरवठा ही माझी खाती. त्यामुळे कायद्याचं पुस्तक उघडून बसण्यापेक्षा फाईल कुठून निघते आणि कुठे अडते ते सांगतो. तुमच्या रस्त्याचे कागद माझ्यासमोर नाहीत, म्हणून काही ठिकाणी 'असं असेल तर तसं' एवढंच म्हणता येईल.

तुम्ही विचारताय की जबाबदार कोण. त्यामागे एक समजूत आहे, की एका कामाला एक मालक असतो. शहरात जागा एकाची, पैसा दुसऱ्याचा, मंजुरी तिसऱ्याची आणि नारळ फुटल्यानंतरची देखभाल चौथ्याच्या गळ्यात, असं सर्रास चालतं. तुम्ही ज्या टेबलापुढे उभे राहता तिथला माणूस, या चारांतली जी गोष्ट त्याच्या हातात नाही तिच्याबद्दल बोलतो. तो खोटं बोलत नसतो. नगरसेवक पैशाचं बोलतो, कार्यालयातला कारकून मंजुरीचं. देखभालीचं कुणी बोलत नाही, आणि तुमच्या तिन्ही तक्रारी बघितल्या तर त्या बऱ्याच अंशी देखभालीच्याच आहेत.

सुरुवात घरपट्टीच्या बिलापासून करा. बहुतेक जण खालचा आकडा बघतात आणि भरतात. वरच्या ओळी वाचा. सर्वसाधारण कर, जलनिस्सारण, वृक्षकर यांच्या सोबत राज्याच्या शिक्षण कराची ओळ असते. इमारत व्यापारी वापराची असेल तर रोजगार हमीचाही कर असतो. हे दोन्ही राज्याचे कर आहेत, १९६२ च्या कायद्याचे. महापालिका ते गोळा करून शासनाकडे भरते. म्हणजे तुम्ही महापालिकेच्या खिडकीवर पैसे भरलेत तरी सगळे तिचे नाहीत. उलटंही होतं. फ्लॅटचा दस्त नोंदवताना मुद्रांक शुल्कावर जो १ टक्का अधिभार भरलात, तो महापालिकेच्या वाट्याचा. पण तो आधी शासनाच्या तिजोरीत जातो आणि तिथून सवडीने खाली येतो. ती सवड किती महिन्यांची हे कुणाच्याच हातात नसतं, निदान आमच्या तरी कधी नव्हतं.

जुन्या सांगलीकरांना जकात नाके आठवत असतील. ट्रक थांबायचे, पावती फाटायची, त्याच संध्याकाळी पैसा पालिकेत जमा. भ्रष्टाचार होता, रांगा होत्या, ती पद्धत गेली याचं मला दुःख नाही. पण तो पैसा आमचा होता. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली आणि बदल्यात शासनाचं अनुदान आलं. महापालिकांत जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीचे व्यापारी त्यातून सुटले, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यावर उरलंसुरलंही संपलं. आता राज्य २०१७ च्या कायद्यानुसार महापालिकांना नुकसानभरपाई देतं. २०१६-१७ चं उत्पन्न पायाभूत धरून दरवर्षी ८ टक्के वाढ. दर महिन्याला हा हप्ता आला की पगार होतात. तो लांबला की लेखा विभागात ठेकेदारांची गर्दी होते आणि प्रत्येक जण 'साहेब, आपलं तेवढं बघा' म्हणत असतो.

हे इतकं लांबवून सांगतोय, कारण 'निधी नाही' या नगरसेवकाच्या वाक्याचं मूळ इथे आहे. महापालिकेच्या उत्पन्नातला मोठा भाग वरून येणारा आहे आणि तो पगार, पेन्शन, वीजबिल यांत जातो. आस्थापना खर्च, म्हणजे पगार वगैरे, ३५ टक्क्यांच्या आत ठेवा ही शासनाची जुनी अट आहे. ती पाळता येत नाही म्हणून भरती रखडते. भरती नाही म्हणून तुमच्या भागाला कनिष्ठ अभियंता एकच, आणि त्याच्याकडे आणखी दोन प्रभाग.

आता अधिकारांकडे येऊ. 'स्थानिक शासन' हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीत आहे. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली तेव्हा बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय आले: नगररचना, रस्ते-पूल, पाणी, स्वच्छता, अग्निशमन, झोपडपट्टी सुधार वगैरे. पण घटनेने हे विषय थेट महापालिकेच्या हाती ठेवले नाहीत. त्यातले कोणते, किती आणि कोणत्या अटींवर द्यायचे हे राज्याच्या कायद्यावर सोडलं. आपल्याकडे महापालिकांना १९४९ चा अधिनियम लागू आहे आणि नगरपालिकांना १९६५ चा. १९४९ च्या कायद्यात कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत, ६६ मध्ये ऐच्छिक. रस्त्याची देखभाल, गटारं, दिवाबत्ती, पाणी हे बंधनकारकमध्ये येतं. कर्तव्याची यादी वाचलीत तर महापालिका म्हणजे शहराची मालकीण वाटेल.

पण आयुक्त कोण नेमतं? राज्य शासन. कुठली पदं किती, हा आकृतिबंध कोण मंजूर करतं? नगरविकास विभाग. विकास आराखडा महापालिका तयार करते, हरकती-सूचना घेते, पण अंतिम मंजुरी १९६६ च्या नगररचना कायद्याखाली शासनाची. सर्वसाधारण सभेने केलेला ठराव शासन कलम ४५१ खाली निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. महापौर अडीच वर्षांचा, मानाचा. पैशाच्या मंजुरीत खरी धार स्थायी समितीच्या सोळा सभासदांकडे असते, आणि अंमलबजावणी आयुक्तांकडे. तुमचा नगरसेवक पाठपुरावा करू शकतो, ठराव मांडू शकतो, अंदाजपत्रकात काम घालून घेऊ शकतो. कार्यादेशावर त्याची सही नसते.

याचा पुरावा आपण नुकताच जगलो आहोत. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली आणि नव्यासाठी मतदान जानेवारी २०२६ मध्ये झालं. साताऱ्यात तर डिसेंबर २०२१ ते डिसेंबर २०२५ असा चार वर्षांचा काळ प्रशासकाचा. सभागृह, स्थायी समिती, सगळे अधिकार एका अधिकाऱ्याकडे. घटनेत मात्र मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या असं स्पष्ट लिहिलंय. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता हे कारण खरंच होतं. पण एवढी वर्षं लोकप्रतिनिधी नसताना शहर चाललं, यावरून दोरी कुणाच्या हातात आहे ते कळतं. त्या काळात कामं वेगाने झाली असं काही जण सांगतात. मोठी झाली असतील. पण गल्लीतल्या तुंबलेल्या चेंबरसाठी रात्री फोन उचलणारा माणूस नव्हता, हे तेवढंच खरं.

केंद्राकडे शहर चालवायचा थेट अधिकार नाही. ते पैशाच्या वाटेने येतं. एक वाट वित्त आयोगाची. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २६ या काळात दहा लाखांच्या खालच्या शहरांना मिळणाऱ्या अनुदानात ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेले, ४० टक्के मोकळे. वर हिशेब ऑनलाइन टाका, मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करा अशा अटी. २०११ च्या जनगणनेत आपल्या महापालिकेची लोकसंख्या ५ लाखांच्या थोडी वर होती, म्हणजे आपण या गटात. दुसरी वाट योजनांची: २०१४ चं स्वच्छ भारत, शहरांच्या पाणी-सांडपाण्यासाठी २०१५ चं अमृत, २०२१ पासून अमृत २.०. या दुसऱ्या अमृतमध्ये एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांना केंद्राचा वाटा एक तृतीयांश, बाकी राज्य आणि महापालिका मिळून.

या वाट्यांच्या गणितात एक गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नाही. मी एका नगरपालिकेत असताना नवी पाणीयोजना आली. केंद्राचा हिस्सा, राज्याचा हिस्सा, पालिकेचा थोडा. राज्याच्याच एका यंत्रणेने ती बांधली, चाचणी घेतली आणि हस्तांतरणाचं पत्र दिलं. मोठे पंप, उंचावरची टाकी, सगळं देखणं. पहिल्या तिमाहीतच वीजबिल आधीच्या अडीचपट झालं. पाणीपट्टी वाढवायचा ठराव सभेपुढे गेला, निवडणूक जवळ होती, तो तहकूब झाला. मग आम्ही पंप कमी तास चालवायला लागलो. नवी योजना असूनही पाणी एक दिवसाआड. लग्नात आहेर सगळे आणतात, संसार मात्र दोघांनाच चालवायचा असतो, तशातली गत. भांडवली खर्चाला तीन वाटेकरी, वीजबिलाला पालिका एकटी.

आमदार-खासदारांच्या बोर्डांचंही तेच. खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा, काम खासदार सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. नियमच असा की तयार झालेली वस्तू ज्या संस्थेच्या ताब्यात जाईल तिने ती सांभाळायची, देखभालीला या निधीतून पैसे नाहीत. आमदार निधीचा, जिल्हा नियोजन समितीतून येणाऱ्या नगरोत्थान या शहरांसाठीच्या योजनेचा, दलितवस्ती सुधार योजनेचा, सगळ्यांचा सूर एकच. पालकमंत्री त्या समितीचे अध्यक्ष असतात, त्यामुळे कोणतं काम आधी हे मुंबई-पुण्यात नव्हे, आपल्याच जिल्हाधिकारी कार्यालयात ठरतं. बोर्डावर नाव असलेला माणूस काम आणतो. खड्डा पडल्यावर त्या नावाला फोन करून उपयोग नसतो, हे मात्र बोर्डावर लिहिलेलं नसतं.

सगळ्या पातळ्या एका ठिकाणी बघायच्या असतील तर पुराच्या वेळी आयर्विन पुलावर उभं राहावं. १९२९ सालचा पूल, त्यावरची पाण्याची पट्टी सगळी सांगली तोंडपाठ सांगते: ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. नदीचं मोजमाप जलसंपदा विभागाचं. कोयनेच्या दरवाज्यांचा निर्णय त्याच विभागाचा, १०५ टीएमसीचं धरण, त्यात वीजही आणि सिंचनही. खाली अलमट्टी धरण कर्नाटकाचं. तिथे किती विसर्ग करायचा यावर दोन्ही राज्यांचे अभियंते बोलतात, केंद्रीय जल आयोग मध्ये असतो, आणि पाणीवाटपाचा मूळ वाद लवादाकडे. आपल्या आयुक्तांना या साखळीत एकही बटण दाबता येत नाही. ते फक्त आकडा ऐकतात आणि ठरवतात की सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड या नदीकाठच्या वस्त्या रिकाम्या करायला कधी सुरुवात करायची.

आपत्तीचा कायदा २००५ चा, त्याखालच्या जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. एनडीआरएफची तुकडी येते ती केंद्राची, पुण्याजवळच्या पाचव्या बटालियनची. बोटी, निवारा केंद्रं, टँकर महापालिकेकडे. पाणी उतरल्यावर पंचनामे महसूलचे, सानुग्रह अनुदान राज्याच्या आपत्ती निधीतून, ज्यात केंद्राचे ७५ आणि राज्याचे २५ टक्के. आणि घराघरांतला, गटारांतला, रस्त्यावरचा गाळ? तो पूर्णपणे महापालिकेचा. २०१९ मध्ये इतर महापालिकांतून माणसं, गाड्या मदतीला आल्या तेव्हा कुठे तो हलला. पुढचं एक काम त्याहून अवघड. पूररेषा जलसंपदा आखतं: निळी रेषा साधारण २५ वर्षांतून येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. त्या रेषेत बांधकाम परवानगी नाकारायची की नाही हे महापालिकेच्या नगररचना विभागाने ठरवायचं. रेषा एकाने काढली, शिव्या दुसऱ्याला. त्यात सांगलीत गुंठेवारीच्या, म्हणजे परवानगीशिवाय गुंठा-गुंठा पाडून विकलेल्या जमिनीवरच्या, वसाहती फार. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची तारीख पुढे सरकवत राज्याने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. नियमित करायचा निर्णय राज्याचा, तिथे रस्ता-गटार-पाणी पोचवायचं महापालिकेने. मतं कुणाला मिळतात ते तुम्हीच ठरवा.

नदीत जाणाऱ्या सांडपाण्याची गोष्टही अशीच. शहराचं सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सांडपाणी महापालिकेचं, नदी जलसंपदाची, नमुने घेऊन नोटीस देणारं प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७४ च्या केंद्राच्या कायद्याखाली काम करणारं, आणि शुद्धीकरणाच्या प्रकल्पाचा पैसा वरच्या योजनांतून. मी एवढंच म्हणेन की नोटीस काढायला पाच मिनिटं लागतात, मलवाहिनी टाकायला रस्ता फोडावा लागतो.

आता तुमच्या तीन तक्रारी.

रस्ता. आधी वर्गीकरण. तो विकास आराखड्यातला महापालिकेचा रस्ता आहे, की सार्वजनिक बांधकाम विभागाचा राज्यमार्ग, की राष्ट्रीय महामार्ग, की एमआयडीसीचा? कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतले अंतर्गत रस्ते एमआयडीसीकडे असतात. नवीन बिल्डिंग असेल तर आणखी एक शक्यता असते: लेआउटमधला रस्ता बिल्डरने अजून महापालिकेच्या ताब्यातच दिलेला नाही. मी पाहिलेल्या अशा भांडणांतली निम्मी तरी इथेच संपतात. आणि आपला पत्ता खरंच हद्दीत आहे का तेही बघा. माधवनगर सांगलीला चिकटून आहे, तरी तिथे ग्रामपंचायत. घरपट्टी कुणाला भरता त्यावरून ते कळेलच.

वर्गीकरण कायमचं नसतं, हेही लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारू दुकानं बंद करायला सांगितली, तेव्हा राज्यात काही शहरांतले महामार्ग एकाएकी पालिकांकडे वर्ग झाले. पालिकांना रस्त्यांचं एवढं प्रेम कधीपासून, असा प्रश्न तेव्हा आम्हाला पडला होता. दुकानं वाचली, देखभाल आमच्याकडे आली.

रस्ता महापालिकेचाच निघाला तर पुढचा प्रश्न: तो शेवटचा कधी झाला, आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराच्या हमीची मुदत, संपलाय का? त्या मुदतीत खड्डा बुजवायचं काम ठेकेदाराचं, फुकट. अभियंत्याला एक पत्र काढावं लागतं, बस्स. आणि जर रस्ता महावितरणच्या केबलसाठी, गॅससाठी किंवा ड्रेनेजसाठी खोदला असेल, तर खोदाई परवान्यासोबत रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे आधीच भरून घेतलेले असतात. ते पैसे भरले का, कधी आणि कुठल्या लेखाशीर्षात जमा झाले, हे विचारा. 'निधी नाही' हे उत्तर या प्रश्नापुढे टिकत नाही.

पाणी. उन्हाळ्यात कमी येतं ते सगळ्या भागात की फक्त तुमच्याकडे, ते आधी पाहा. सगळीकडे कमी असेल तर कारण बहुधा नदीत. कोयनेतून विसर्ग घटला की नदीतून पाणी उचलणाऱ्या जॅकवेलपाशी कृष्णेची पातळी उतरते, आणि तो विसर्ग जलसंपदा ठरवते. तिथे तुमचा अर्ज पोचून काही होणार नाही, आयुक्त आणि जिल्हाधिकारी यांच्यात ते सुटतं. फक्त तुमच्या बाजूला कमी असेल तर ते पूर्णपणे महापालिकेचं: वाहिनीच्या शेवटाला आहात, किंवा टाकीची वेळ, किंवा वरच्या बाजूचे लोक थेट मोटर लावतात. या शेवटच्या कारणाबद्दल तक्रार करताना सोसायटीच्या लेटरहेडवर करा, एकट्याच्या नावाने नको. साताऱ्यात हे आणखी गुंतलेलं आहे. काही भागाला पालिकेचं कास तलावाचं पाणी, काही भागाला जीवन प्राधिकरण या राज्याच्या यंत्रणेचं. शेजारच्या दोन गल्ल्यांची बिलं वेगळ्या ऑफिसची. त्या मानाने सांगलीत सरळ आहे.

नाला. नैसर्गिक ओढे-नाले जमीन महसूल संहितेप्रमाणे सरकारचे, पण शहरात पावसाळ्यापूर्वीची सफाई महापालिका करते आणि तिनेच करायची असते. तुमच्याकडे मला वेगळी शंका आहे. विश्रामबागला रेल्वेमार्ग आहे. नाला जर रुळांखालून किंवा महामार्गाखालून जात असेल तर ती मोरी अनुक्रमे रेल्वेची किंवा रस्ता ज्याचा त्याची. वरचा नाला स्वच्छ आणि मोरीचं तोंड गाळाने भरलेलं, असं मी अनेक ठिकाणी पाहिलंय. पावसाआधी चालत जाऊन पाणी नेमकं कुठे अडतं ते मोबाईलवर टिपून ठेवा. मोरीशी अडत असेल तर महापालिकेच्या अभियंत्याला रेल्वेकडे पत्रव्यवहार करावा लागेल, आणि ते पत्र तो तेव्हाच काढेल जेव्हा तुमचा फोटो त्याच्या फाईलला लागलेला असेल.

राहिला प्रश्न, भांडायचं कुणाशी. नगरसेवकाशी भांडू नका, त्याच्याकडून अंदाजपत्रकात देखभालीची तरतूद मागा. नवीन काँक्रीट रस्ता नको, आहे त्याची डागडुजी हवी, असं सांगणारा मतदार त्यालाही क्वचित भेटतो. आमदारांकडे जायचं असेल तर ज्याची देखभाल महापालिकेला झेपेल असंच काम मागा.

आणि वर्गीकरणाचा कागद मिळवायचा असेल तर माहितीच्या अधिकाराचा साधा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. विचारा: हा रस्ता कोणत्या यंत्रणेच्या ताब्यात आहे, हस्तांतरण झालं असल्यास त्या पत्राची प्रत, शेवटच्या कामाचा कार्यादेश आणि दोषदायित्वाची अखेरची तारीख. पत्ता चुकेल याची काळजी नको. कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज ५ दिवसांच्या आत त्यांनीच तिकडे पाठवायचा असतो, आणि तसं तुम्हाला कळवायचं असतं. ते कळवण्याचं पत्र जपून ठेवा. 'हा रस्ता आमचा नाही, अमुक विभागाचा आहे' असं सही-शिक्क्यानिशी लिहून मिळालं की पुढच्या ऑफिसात 'तो आमचा नाही' असं तोंडी सांगणाऱ्यापुढे ते ठेवता येतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करा. उत्तर आलं की त्याची प्रत इथे टाका, पुढे काय करायचं ते त्यावरून सांगतो.